कान लावून

डिसेंबरातल्या पहाटे राजदूत पहिल्या किकला सुरू होत नाही. परभणी जिल्ह्याची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, त्याला इथला उन्हाळाच तेवढा ऐकून माहीत असतो. पण २०१८च्या डिसेंबरात परभणीत पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरला होता. तेव्हा आमच्या पाथरीच्या अंगणात गाडीच्या टाकीवर हात ठेवला की विहिरीच्या दगडावर ठेवल्यासारखा वाटायचा. अशा वेळी घाई कामाची नाही. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक लावायचा आणि चावी बंद ठेवूनच तीन-चार किका मारायच्या. या रिकाम्या किका. त्यांनी इंजिनाच्या पोटात पेट्रोल ओढलं जातं. मग चावी फिरवायची आणि अंगाचा सगळा भार टाकून एकच किक. आतून आधी खाकरल्यासारखा आवाज येतो, मागून निळसर धूर निघतो, आणि मग हळूहळू ती बोलायला लागते. डग... डग-डग... डग. मधेच एक ठोका चुकतो, पुन्हा सापडतो. तो चुकलेला ठोका ऐकल्याशिवाय मी चोक काढत नाही.

ही राजदूत १७५. नावात १७५ असलं तरी इंजिन १७३ सीसीचं, एका सिलेंडरचं, टू-स्ट्रोक. गिअर तीनच. विजेचा कारभार सहा व्होल्टवर, त्यामुळे रात्री इंजिन पळालं की दिवा उजळतो आणि चढावर ते दमलं की तोही दमतो. आरसी बुकात उत्पादनाचं साल १९७४ आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८१ साली मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून ती जुनीच विकत घेतली. तेव्हा तिचं वय सात आणि माझं पाच. तिला आम्ही काही खास नाव ठेवलं नाही. घरात ती नुसती ‘गाडी’, आणि खेड्यापाड्यांत ‘डाक्टरची फटफटी’.

फटफटी हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी राहिला. मला तो फार आवडतो. सायकल, मोटार, रेल्वे ही नावं त्या त्या गोष्टींबरोबर परदेशातून आली, आपण ती जशी आली तशी वापरली. या एका यंत्राचं नाव मात्र आपल्या लोकांनी स्वतः ठेवलं, आणि तेही कानांनी ऐकून. ते कसं दिसतं, किती पळतं, कुणी बनवलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. शेतात वाकून खुरपणाऱ्या बाईने मान वर न करता ज्या आवाजावरून कोण चाललंय ते ओळखलं, तो आवाज हेच त्याचं नाव झालं.

आबा जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. नोकरीला लागले तेव्हा त्या पदाला स्टॉकमन म्हणत, पुढे पशुधन पर्यवेक्षक म्हणायला लागले. गावांनी त्यांना पहिल्या दिवसापासून डाक्टरच म्हटलं. बाभळगाव, कासापुरी, हादगाव, लिंबा, रेणाखळी, आणि गोदावरीच्या अंगाला गुंज आणि ढालेगाव असा त्यांचा फिरण्याचा मुलूख. आधी हे सगळं सायकलवर होत होतं. पण गाईचं वासरू आडवं आलं की गाय थांबत नाही, आणि पोटफुगीचा बैल तर अजिबात थांबत नाही. आबा म्हणत, सायकलवर होतो तेव्हा निम्मी ढोरं मी मेल्यावर पाह्यली. गाडी घ्यायला त्यांनी मायच्या पाटल्या मोडल्या, हे मला पुष्कळ उशिरा, त्यांच्या माघारी कळलं. त्यांनीही सांगितलं नाही आणि मायनेही नाही.

पावसाळ्यात या मुलखात गाडी चालवणं म्हणजे काय हे काळ्या मातीत राहिलेल्यालाच समजेल. आमची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या सगळ्या मिटवून लोण्यासारखी होते. पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. चाक फिरलं की ती टायरला चिकटून वर येते, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बसते आणि शेपन्नास हात गेलं की चाक फिरणंच बंद होतं. आबांच्या टूलबॉक्सात पाना, प्लग आणि चिंधी यांच्याबरोबर एक खुरपं असायचं. मूठ कापून आखूड केलेलं, पातं झिजून बोटभर राहिलेलं. गाडी थांबली की ते उतरायचे, धोतरासारखी पँट वर खोचायचे आणि मडगार्डाखालची माती त्या खुरप्याने काढायचे. घाईत नाही, ज्वारीच्या तासातलं तण काढावं तशी, एका बाजूने. मग पुन्हा शेपन्नास हात. दोन मैलांच्या पाणंदीला एक तास. ते खुरपं आजही टूलबॉक्सात आहे. रस्ते डांबराचे, सिमेंटचे झाले. कल्याण–निर्मल महामार्ग, ज्याला आता ६१ नंबर मिळालाय, तो पाथरीतूनच जातो. तरी मी ते काढलं नाही. शेताची वाट अजून मातीचीच आहे.

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आमच्याकडे छाती पुढे काढून म्हणतात. गाडी मात्र जर्मनीची नाही, तिच्या शेजारची. पोलंडमधल्या कीलत्से शहरात एसएचएल नावाचा कारखाना होता. त्यांची एम-११ नावाची मोटरसायकल १९६१च्या सुमाराला निघाली, आणि तिचाच आराखडा घेऊन फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत बनवायला घेतली. पुढे १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमा आला आणि त्यातली ती छोटी, गुटगुटीत गाडी पोरांच्या मनात बसली. तिच्यातही इंजिन हेच होतं, फक्त कपडे वेगळे. सिनेमातली गाडी शहरातल्या पोरांची झाली, आणि ही साधी, भक्कम, पुढच्या चाकावर खोल मडगार्डाचं शिरस्त्राण घातलेली गाडी दूधवाल्यांची, मास्तरांची, ग्रामसेवकांची आणि ढोरांच्या डॉक्टरांची. पोलंडच्या माणसांशी महाराष्ट्राची ओळख तशी त्याआधीची. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून काही वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला छावणीत राहिले होते. ती माणसं इथून गेली आणि दीडेक दशकाने त्यांच्या देशातल्या एका कारखान्याचा आराखडा इकडे आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी किक मारताना कधीतरी मनात येतं, की बर्फातल्या रस्त्यांसाठी ज्या कुणी या इंजिनाची पहिली रेघ कागदावर ओढली, त्याला गोदावरीकाठची काळी माती कुणी दाखवायला हवी होती.

एम-११ची एक खूण आमच्या गाडीत जशीच्या तशी आहे. आजकालच्या गाड्यांना पुढे दोन सरळ नळ्या असतात, ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. राजदूतचं पुढचं चाक एका झुलत्या आडव्या दांडीवर बसवलेलं आहे. ब्रेक दाबला की तिचं नाक खाली जात नाही, उलट किंचित वर उचलतं, घोड्याने लगाम ओढल्यावर मान वर करावी तसं. नव्या माणसाला याची भीती वाटते. मला दुसऱ्या गाडीवर बसलो की नाक खाली गेल्याची वाटते.

१९९० साली मी चौदा वर्षांचा होतो आणि ती गाडी माझ्या हातून बंद पडली. त्याबद्दल लिहायला मला छत्तीस वर्षं लागली असं म्हटलं तरी चालेल.

राजदूतसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइलची वेगळी टाकी नसते. खाली क्रँक फिरतो, वर पिस्टन, आणि त्या दोघांना लागणारं तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. म्हणून पेट्रोल भरताना दर लिटरमागे ठरलेलं ऑइल घालावं लागतं. मी चाळीस मिली घालतो, आबा थोडं जास्त घालायचे. पूर्वी पंपावर त्यासाठी टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र असायचं, दांडा वर-खाली केला की काचेच्या नळीत लाल किंवा हिरवं तेल चढायचं. त्या दिवशी आबांनी मला गाडीत पेट्रोल भरून आणायला पाठवलं. पंपावरून परत न येता मी सेलूच्या रस्त्याला लागलो, एक मोठी चक्कर मारायची म्हणून. पेट्रोल घेतलं होतं, ऑइल घेतलं नव्हतं. टाकीत होतं तेवढ्या जुन्या मिश्रणावर ती काही मैल पळाली. उन्हाळ्याचे दिवस होते. मग आवाज बदलला. आता मला कळतं, की तो बदलला होता. चाळीसेक सेकंद तरी ती मला सांगत होती. डगडगीतला जाडपणा गेला होता, आवाज कोरडा झाला होता, वरच्या पट्टीत सरकला होता, आतून वाळू हलवल्यासारखा बारीक कुरकुराट येत होता. मला वाटलं गाडी आज छान पळतेय. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला. दुसऱ्या क्षणी मागचं चाक जागीच थांबलं आणि मी गाडीसकट रस्त्याच्या कडेच्या बाभळीत गेलो.

याला आमच्याकडे इंजिन धरणं म्हणतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असेल तर तो दोघांना वेगळं ठेवतो. तो गेला की पिस्टन ब्लॉकच्या भिंतीला घासतो, घासून आणखी तापतो, तापून आणखी फुगतो आणि शेवटी भिंतीलाच धरून बसतो.

गाडी ढकलत घरी आणली तेव्हा दिवेलागण झाली होती. गुडघे फुटले होते. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. किकवर हात ठेवून दाबून पाहिलं. किक हलली नाही. ते एवढंच म्हणाले, “बोलली असंल ना ती. तू आयकलं न्हाई.”

मारलं नाही. रागावलेही नाहीत. त्या एका वाक्यानंतर आठ दिवस ते सायकलवर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उस्तादांकडे नेऊन सोडलं. उस्ताद म्हणजे आमच्या गावातले जुने फिटर. टिनाचं शेड, समोर कडुलिंब, लिंबाच्या फांदीला टांगलेली जुनी टायरं. गाडी दुरुस्त होईपर्यंत हा इथंच बसेल, आबा म्हणाले. उस्तादांनी मान हलवली. “बैठने देव डाक्टरसाब. हात नक्को लगाना बेटा, पैले सुनना.”

मी आठ दिवस तिथे बसलो. ब्लॉक काढला तेव्हा आतल्या भिंतीवर उभे ओरखडे होते, मांजराने नखं मारावीत तसे, आणि त्यांत ॲल्युमिनियमचे चंदेरी डाग. उस्तादांनी बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. मग तो ब्लॉक परभणीला लेथवर बोअर करायला गेला. बोअर करणं म्हणजे आतली खराब झालेली भिंत खरडून काढायची आणि तेवढाच मोठा नवा पिस्टन बसवायचा. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. अशा चार पायऱ्या मिळतात. मूळचा बोअर ६१ मिलिमीटरचा. माझ्या त्या चक्करीने ती पाव मिलिमीटर मोठी झाली. त्यानंतर वयपरत्वे आणखी दोनदा बोअर झाला. आज तिच्या पोटात १७३ पेक्षा तीन-चार सीसी जास्त मावतं, आणि आरसी बुकात त्याची नोंद नाही.

पण त्या आठ दिवसांत मी पाहिलं ते वेगळंच. सगळं जोडून झाल्यावर उस्तादांनी गाडी सुरू केली आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनाच्या खालच्या पेटीवर टेकवलं, लाकडी मूठ कानाच्या पाळीमागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. आजूबाजूला बाजाराचा कलकलाट. ते तसेच बसून राहिले. टोक जरा सरकवलं, क्रँकच्या उजव्या बेअरिंगवर. मग डाव्या. मग ब्लॉकच्या मधोमध. चेहऱ्यावर काही नाही, फक्त भुवया मधूनच हलायच्या. मग डोळे न उघडता त्यांनी मला बोलावलं आणि मूठ माझ्या कानामागे दाबली.

मी बाहेरून जी डगडग ऐकत होतो ती आतून तशी नव्हती. आत एक गाव होतं. बेअरिंगची एकसारखी सरसर, पिस्टनच्या रिंगांची हलकी घासण, गिअरबॉक्समध्ये दुरून येणारी घरघर, आणि या सगळ्यांच्या मधे, रेल्वेच्या रुळावरून दूरचा ठोका यावा तसा स्फोटाचा ठोका. “ये जो सर-सर है ना, ये सई,” उस्ताद म्हणाले. “इसमें टक-टक आया तो समझो बेरिंग गया. तब तक चलने देव.”

हे मी आधी पाहिलं होतं. तेव्हा तिथे बसल्या बसल्या आठवलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आबांबरोबर मी कासापुरीच्या बाजूला गेलो होतो. एका आखाड्यावर लाल कंधारी गाय होती, गडद तांबडी, दोन दिवसांपासून चारा तोंडात धरत नव्हती. मालक तिच्या आजाराबद्दल बोलत होता, सारखा बोलत होता. आबांनी त्याला हाताने थांबवलं. गाईच्या डाव्या अंगाला गेले, शेवटच्या फासळीमागे जी खोलगट जागा असते, जिला भकाळी म्हणतात, तिथे त्यांनी नळीची चकती टेकवली आणि डोळे मिटले. गाईचं कोठीपोट त्या बाजूला असतं. निरोगी जनावरात ते मिनिटाला एखाद-दुसऱ्या वेळी घुसळतं, लांबून गडगडल्यासारखं. म्हणून निदान दोन मिनिटं तरी कान लावून थांबावं लागतं. दोन मिनिटं ही ऐकताना फार मोठी असतात. पाऊस भुरभुरत होता. मालक गप्प, मी गप्प. आबा गाईला टेकून उभे, जणू तिच्याकडून काही गुपित ऐकत आहेत. मग डोळे उघडून म्हणाले, “चालू झालंय. हळूहळू. भिऊ नको.” त्यांनी ते मालकाला म्हटलं की गाईला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुकं जनावर असं आपण म्हणतो. आबांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही.

त्यानंतर मी गाडी ऐकायला लागलो. टाकी न उघडता तिला दोन्ही पायांत धरून डावी-उजवीकडे हलवायचं, आतल्या हिंदकळण्यावरून पेट्रोल किती ते कळतं. अर्ध्या टाकीचा आवाज घागरीसारखा, रिझर्वच्या जवळ आलं की तांब्यातल्या पाण्यासारखा. प्लग काळा पडला की ती खोकते, पॉइंट जळाले की दचकते. पॉइंटमधली फट नीट हवी, नाहीतर ठिणगी वेळेवर पडत नाही. उस्ताद ती सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याने मोजायचे. सायलेन्सरमध्ये कार्बन साचला की आवाज गळ्यात कफ अडकल्यासारखा बसतो, मग त्याची आतली नळी काढून काड्याकुड्यांच्या जाळात लाल करायची आणि झटकायची. त्या संध्याकाळी गाडीला नवा गळा फुटतो. हे सगळं मी आता स्वतः करतो. उस्ताद राहिले नाहीत. रिंगा, क्लचप्लेटी, गास्केट दिल्लीच्या करोल बागेतून मागवाव्या लागतात. पार्सल आलं की कागदाच्या घडीतून तेलाचा वास येतो आणि मी ते लगेच उघडत नाही.

मधल्या काळात पाथरी बदलली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली होती. डाव्या कालव्याचं पाणी आमच्या तालुक्यात आलं आणि ज्वारी-कापसाच्या शेजारी ऊस उभा राहिला. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला बाहेरची माणसं येऊ लागली, २०२०च्या जानेवारीत तर गावाचं नाव टीव्हीवर दिवसभर होतं. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना निघाल्यापासून मराठवाड्याच्या पोरांना घरच्या मातीत बनलेल्या मोटरसायकली मिळाल्या, हलक्या, चपळ, लिटरला दुप्पट पळणाऱ्या. त्या चांगल्याच आहेत. माझा मुलगा तसलीच चालवतो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही राज्यातल्या साखर कारखान्यांमधून बनतं, म्हणजे आमच्यासारख्याच कुणाच्या तरी शेतातला ऊस. कालव्याचं पाणी, त्या पाण्यावरचा ऊस, त्या उसाचं इथेनॉल, आणि शेवटी ते माझ्या टाकीत. शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे, उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी जमतं, गंज धरतं; जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर मऊ पडतात. मी आता टाकीत दोन लिटरपेक्षा जास्त ठेवत नाही आणि नळी दर वर्षी बदलतो. माझ्या शेतातली एक गोष्ट माझ्याच दारातल्या दुसरीला हळूहळू खाते आहे, आणि त्या दोघींना सांभाळणं माझ्याकडे आहे.

२०२४ साली गाडीला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, २०२१च्या जुलैपासून केंद्राचा तसा नियम आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं. पुण्याहून एक गृहस्थ गाडी बघायला आले होते, त्यांनीच हे समजावून सांगितलं. गाडीभोवती दोनदा फिरले, हात जोडल्यासारखे उभे राहिले. मनापासून आलेले होते. मोठी रक्कम बोलले. मी विचारलं, नंबर मिळाल्यावर चालवता येईल का? ते म्हणाले, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला. रोजच्या वापराला नाही. मी चहा दिला आणि नाही म्हणालो. व्हिंटेजचा अर्जही केला नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करतो, पर्यावरण कर भरतो, तपासणीला गाडी परभणीला नेतो. ती शेतावर जाण्यासाठी बनली आहे. तिला काचेच्या खोलीत ठेवून जपणं ही जपणूक आहे हे मला पटत नाही. ज्या दिवशी ती चालायची थांबेल त्या दिवशी तिचे वॉशर सुकतील, ब्लॉकच्या भिंतीवर गंज धरेल आणि ती आतून मरेल. बाहेरून चकाकत राहील.

मी तिला चाळीसच्या वर नेत नाही. महामार्गावर त्या वेगाला कुणी विचारत नाही, मागून हॉर्न येतात. म्हणून शक्य तिथे मी कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने जातो. चाळीसच्या वेगाला रस्त्याच्या दोन्ही बाजू ऐकू येतात. वाळत आलेल्या तुरीत वारा शिरला की सुकी शेंग खुळखुळते, पंप सुरू असलेल्या विहिरीची धडधड शेतागणिक वेगळी, पाण्याच्या चारीजवळ आलं की हवा एकदम गार होते आणि इंजिनाचा आवाज जाड होतो, कारण गार हवेत त्याला दम येतो. ढालेगावच्या बंधाऱ्याशी थांबलो तर इंजिन बंद केल्यावर ब्लॉकच्या पात्या थंड होताना टिक... टिक... करतात. गोदावरीचं पाणी दरवाजांखालून जात असतं. ते दोन आवाज बराच वेळ बरोबर चालतात, मग टिकटिक थांबते.

आबांची एक सवय होती. गावात शिरताना, आमच्या गल्लीच्या अलीकडे जो मारुतीचा पार आहे तिथे आले की चालत्या गाडीवरच खाली हात घालून ते पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कार्बोरेटरच्या वाटीत तेवढ्यापुरतं पेट्रोल असतं, त्यावर गाडी घरापर्यंत येते. वाटी रिकामी व्हायला लागली की मिश्रण पातळ होतं आणि मरायच्या आधी आवाज एकदम वर चढतो, क्षणभर, कुणी हाक मारल्यासारखा. मग गप्प. गाडी बरोबर दारात येऊन स्वतः थांबायची, चावीला हात लावावा लागायचा नाही. त्यामुळे वाटीत तेलकट पेट्रोल साचून राहत नाही आणि सकाळी जेट चोंदत नाही, हे कारण खरं. पण घरात त्या वर चढणाऱ्या आवाजाला दुसरा अर्थ होता. तो आला की माय चुलीवर चहाचं पातेलं ठेवायची. आबा पाय धुऊन ओट्यावर बसेपर्यंत चहा उकळलेला असायचा. रात्री दोनला आले तरी. मी लहानपणी अंथरुणात पडून तो आवाज, मग काटकी मोडल्याचा आवाज, मग पातेल्याचा आवाज ओळीने ऐकलेला आहे.

आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. माय आता ऐंशीच्या पुढे आहे. कानाला फार कमी ऐकू येतं, टीव्ही मोठ्याने लावावा लागतो, नातवंडं जवळ जाऊन ओरडतात. कॉक बंद करायची सवय मी लावून घेतली आहे, पाराशी आलो की हात आपोआप खाली जातो. गेल्या कार्तिकात एका संध्याकाळी मात्र डोक्यात उसाच्या तोडीचा घोर होता. कॉक बंद करायचा राहून गेला. गाडी तशीच डगडगत दारात आली, मी चावीने बंद केली आणि आत गेलो.

माय चुलीजवळच्या पाटावर बसली होती. तिने दाराकडे मान वळवली, माझ्यामागे पाहिलं.

“कोण आलंय रे?” ती म्हणाली. “कोणाची गाडी हाय ही?”

“आपलीच हाय माय.”

“न्हाई,” ती म्हणाली, आणि तशीच दाराकडे बघत बसली.

मी बाहेर आलो. चावी लावली, एक किक मारली. गरम इंजिन लगेच सुरू झालं. खाली हात घालून कॉक बंद केला आणि गाडीजवळ उभा राहिलो. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत वाटी रिकामी व्हायला वेळ लागतो. अंगणात अंधार पडत होता. डग, डग, डग. मग आवाज पातळ झाला, वर चढला आणि थांबला.

आतून पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.